सीतेची मुलगी

गणपतीतली गोष्ट आहे. आमच्या खोपोलीत कारखान्यांच्या कॉलन्यांमधून तेव्हा दहाही दिवस धमाल असायची. एक दिवस हळदीकुंकू, एक दिवस पाककृतींची स्पर्धा, एक दिवस मुलांची वेशभूषा आणि शनिवारी रात्री गाण्यांचा कार्यक्रम. त्या शनिवारी आमच्या गाण्याच्या बाईंची मुलगी गायला बसली. बाई म्हणजे गावातलं मोठं नाव. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठेही नाट्यगीतांचा कार्यक्रम असला की बाईंना बोलावणं ठरलेलं. मुलगी असेल नववी-दहावीतली. पहिल्याच तानेला तिचा आवाज फाटला. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा त्याच जागी अडकली. मागच्या रांगेत खुसफूस सुरू झाली. बाईंचा गळा काही हिच्यात उतरला नाही हो, असं एकजण बोलली आणि आजूबाजूच्या सगळ्या फसकन हसल्या. मैत्रिणींनो, ते बोलणारी मीच होते.

त्याच रात्री आणखी एक मुलगी गाण्याची दोन कडवी साफ विसरली. तिला आम्ही टाळ्या वाजवून धीर दिला, शाबासकी दिली. तिची आई घरी शिवणकाम करायची. तिच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती ना! बाईंच्या मुलीला मात्र त्या टाळ्यांतली एकही मिळाली नाही. तिने पुढे गाणं सोडलं की चालू ठेवलं, हे मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची लाज वाटली.

हे सगळं आठवलं ते नूतनमुळे. परवा घरात रात्री 'बंदिनी' लागला होता. कितव्यांदा पाहिला कोण जाणे. आणि पाहता पाहता मनात आलं की, या बाईला एके काळी लोक असंच हसले होते. तेही ती पुरती पंधरा वर्षांची व्हायच्या आधीपासून. कारण तीसुद्धा एका मोठ्या बाईंची मुलगी होती.

किती मोठ्या, ते माझ्या सासूबाईंकडून ऐकावं. सासूबाईंचं माहेर कर्जतकडचं. त्यांच्या लहानपणी घरात एक कॅलेंडर होतं, रामसीतेचं. वर्ष संपलं तरी ते कोणी काढलं नाही. खालचे महिन्यांचे कागद फाडून टाकले आणि वरचं चित्र देवघराशेजारी तसंच राहिलं. त्या चित्रातली सीता म्हणजे शोभना समर्थ. १९४३ साली विजय भट्ट यांचा 'रामराज्य' आला आणि शोभनाबाई घराघरातली सीता झाल्या. प्रेम अदीब राम आणि त्या सीता. गांधीजींनी पाहिला तो हाच सिनेमा. सासूबाई सांगत की, संध्याकाळी दिवा लावताना त्या चित्रालाही नमस्कार व्हायचा आणि ती सिनेमातली नटी आहे हे ठाऊक असूनही कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

शोभनाबाई मूळच्या सरोज शिलोत्री. घरची माणसं शिकलेली, पण सिनेमात मुलीने जाणं तेव्हा भल्या घरात चालत नसे. तरी १९३५ च्या सुमारास त्या पडद्यावर आल्या. त्यांच्या आई रतनबाईंनीही एका मराठी सिनेमात काम केलं होतं. नलिनी जयवंत ही नात्यातलीच, मामेबहीण. यजमान कुमारसेन समर्थ जर्मनीत सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेले, दिग्दर्शक. अशा घरात ४ जून १९३६ ला नूतनचा जन्म झाला. चार भावंडांत ती थोरली. पाठची तनुजा, मग चतुरा आणि जयदीप. आईवडील पुढे वेगळे झाले आणि घराचा गाडा शोभनाबाईंनी एकटीने ओढला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे काही झालं त्यात त्यांच्या चुका असतील, पण रिकाम्या हातांनी संसार चालवणाऱ्या बाईच्या त्या चुका आहेत.

लहानपणी नूतन काडीसारखी होती. उंच, हडकुळी, लांबोडक्या चेहऱ्याची. आणि आई कशी, तर जिच्या तसबिरीला लोक हात जोडतात अशी! आपल्याकडे अशा वेळी येणारे-जाणारे काय बोलतात ते वेगळं सांगायला नको. आईच्या अंगावर गेली नाही, हे वाक्य आपण किती सहज टाकतो. मुलगी तिथेच उभी असते, खालमानेने चहाचे कप गोळा करत असते आणि आपल्याला वाटतं तिला काही कळत नाही. नूतनला कळत होतं. आपण कुरूप आहोत, ही गोष्ट तिच्या मनात लहानपणीच पक्की बसली होती. मोठेपणीही तिने ती लपवली नाही.

चौदाव्या वर्षी, शाळेत असतानाच, ती पडद्यावर आली. १९५० सालचा 'हमारी बेटी'. आईने मुलीसाठी काढलेला सिनेमा, दिग्दर्शनही आईचंच. छोटी तनुजासुद्धा त्यात होती. नावच बघा ना, हमारी बेटी! जणू आईने मुलीचा हात धरून तिला सगळ्या जगापुढे उभं केलं आणि सांगितलं, ही आमची लेक. आता यात वाईट काही नाही. सुताराचा मुलगा रंधा धरतो, किराणा दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर बसतो, तेव्हा कोणी बोट दाखवत नाही. पण पडद्याचा धंदा निराळा. तिथे गिऱ्हाईक तिकीट काढून अंधारात बसलेलं असतं आणि आपण पैसे मोजलेत तेव्हा बोलायचा हक्क आहे असं त्याला वाटतं. सिनेमाच्या मासिकांचाही तेव्हा मोठा दरारा होता. 'फिल्मइंडिया'चे बाबूराव पटेल हे आपलेच मराठी गृहस्थ, पण त्यांची लेखणी अशी तिखट की भलेभले नट अंक हातात घ्यायला घाबरायचे. अशा त्या दिवसांत ही चौदा वर्षांची पोर उभी राहिली.

सिनेमा काही फार चालला नाही. आणि नूतनच्या वाट्याला जे बोलणं आलं ते तिच्या कामाबद्दल कमी आणि अंगकाठीबद्दल जास्त होतं. किती हडकुळी, किती सपाट, आईचं रूप कुठे आणि ही कुठे. अभिनय नीट पाहून त्यात हे चुकलं, ते चुकलं असं सांगितलं असतं तर त्याला टीका म्हणता आलं असतं. ते ऐकून माणूस सुधारतो तरी. हाडांवर टीका केल्यावर पोरीने काय सुधारायचं?

इथे थोडं विषयांतर करते, कारण योगायोग असा की अगदी त्याच वर्षी, १९५० च्या डिसेंबरात, तिकडे अमेरिकेत असंच काहीसं घडलं. तेव्हा हॅरी ट्रूमन राष्ट्राध्यक्ष होते. त्यांची एकुलती एक मुलगी मार्गारेट गाणं शिकली होती, जाहीर कार्यक्रम करायची. ५ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या मोठ्या सभागृहात ती गायली, आईवडील समोर बसलेले. दुसऱ्या दिवशीच्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पॉल ह्यूम नावाच्या समीक्षकाने लिहिलं की, मुलगी दिसायला छान आहे पण तिला फारसं चांगलं गाता येत नाही, बराच वेळ ती बेसूर होती. झालं! राष्ट्राध्यक्ष पहाटे पेपर वाचून असे भडकले की स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून त्यांनी त्या समीक्षकाला नाक फोडण्याची धमकी दिली. ती चिठ्ठी फुटली, दुसऱ्या पेपरात छापून आली आणि देशभर गवगवा झाला. तिकडे कोरियात लढाई चालू, रोज पोरं मरताहेत, आणि यांना मुलीच्या गाण्याची पडली आहे, असं लोक म्हणू लागले. मार्गारेटला तर आधी खरंच वाटेना की बाबा असं लिहितील. एका माणसाचं मत चार लोकांनी वाचून विसरून गेले असते. वडिलांच्या रागाने ते जगभर पोचलं आणि कायमचं तिला चिकटलं. पुढे तिने गाणं मागे टाकलं, रहस्यकथा लिहिल्या, त्यांत नावही कमावलं. पण तिची आठवण निघाली की आजही आधी ती चिठ्ठी निघते.

शोभनाबाईंनी कोणाला चिठ्ठी लिहिली नाही. त्यांनी काय केलं ते सांगतेच, पण त्याआधीची दोन-तीन वर्षं नूतनसाठी फार विचित्र गेली. १९५१ साली 'नगीना' आला. तो होता रहस्यपट, सेन्सॉरने त्याला मोठ्यांचं सर्टिफिकेट दिलेलं. नायिका नूतन पंधरा वर्षांची. पहिल्या खेळाला ती थिएटरवर गेली तर दारवानाने तिला आत सोडलं नाही. वय भरत नाही म्हणून! स्वतःचाच सिनेमा तिला पाहता आला नाही. ही गोष्ट हसून सांगतात, मीही हसले होते. पण जरा थांबून पाहा. आत बसलेले मोठे लोक तिच्या दिसण्यावर बोलणार, तिच्या चालण्यावर बोलणार, आणि ते बोलणं झेलायला तिचं वय पुरेसं आहे. फक्त सिनेमा पाहायला पुरेसं नाही.

त्याच वर्षी झिया सरहदींचा 'हम लोग' आला. त्यात ती क्षयाने खंगलेली गरिबाघरची मुलगी झाली होती. बलराज साहनी भाऊ. मला नेहमी वाटतं की, तिच्या हाडकुळेपणाचा उपयोग पहिल्यांदा कोणी करून घेतला असेल तर तो सरहदींनी. ज्याला सगळे खोट म्हणत होते तेच भूमिकेचं सोनं झालं. जाणकारांना तेव्हाच कळलं की हे पाणी वेगळं आहे. मग १९५२ साली ती 'मिस इंडिया'ही ठरली. म्हणजे एकीकडे डोक्यावर सुंदरीचा मुकुट आणि दुसरीकडे तोच शेरा, फार बारीक आहे. त्यापुढचे काही सिनेमे चालले नाहीत आणि बोलणाऱ्यांना आयतंच फावलं. आईच्या जिवावर आली होती, आता संपली.

तेव्हा आईने तिला उचललं आणि स्वित्झर्लंडला धाडलं. १९५३ साली. तिकडे ला शातलेन नावाच्या मुलींच्या शाळेत ती वर्षभर राहिली. खर्च थोडाथोडका नसणार, घरात आणखी तीन भावंडं. तिकडची हवा, खाणंपिणं, बर्फ, बरोबरीच्या मुली. आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष कोणतं असं विचारलं की नूतन त्या वर्षाचं नाव घ्यायची. पुढे इतकी कीर्ती मिळाली, इतक्या बाहुल्या फिल्मफेअरच्या कपाटात आल्या, तरी सुखाचं वर्ष तेच. का असेल? माझा आपला अंदाज असा की, तिथे रामराज्यातली सीता कोण हे एकाही मुलीला ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यात कोणी दुसरा चेहरा शोधत नव्हतं. ती चुकली तर ती चुकली, हसली तर ती हसली. आपल्या खोपोलीसारख्या गावात तर हे सुख मिळणं आणखी अवघड. इथे शिळफाट्यापासून गावठाणापर्यंत चालत गेलं की चारजण तरी विचारतात, अमक्यांची ना गं तू?

ती परतली ती अंगाने भरलेली, चेहऱ्यावर तेज आलेली. आणि १९५५ साली अमिय चक्रवर्तींचा 'सीमा' लागला. चोरीचा खोटा आळ येऊन सुधारगृहात टाकलेली गौरी. अनाथ, चिडलेली, कोणावर विश्वास न ठेवणारी. आईबाप नसलेल्या मुलीची भूमिका! तिने ती अशी केली की कोणाला शोभनाबाई आठवल्याच नाहीत. या भूमिकेसाठी तिला पहिलं फिल्मफेअर मिळालं. आता गंमत बघा, ती काही एकदम सुंदर झाली म्हणून हे झालं नाही. तोच लांबोडका चेहरा होता. पण तोवर पडद्यावरच्या नायिका डोळे मोठे करून, ओठ थरथरवून दुःख दाखवत. हिने चेहरा शांत ठेवला आणि आतलं दुःख डोळ्यांत येऊ दिलं. आईचा अभिनय नाटकाच्या वळणाचा, तसबिरीसारखा सुबक. मुलीचा त्याच्या अगदी उलटा. घराणं मोडूनच ती मोठी झाली, असं म्हणायला हरकत नाही.

मग मात्र तिने मागे पाहिलं नाही. 'पेइंग गेस्ट', 'अनाडी', 'दिल्ली का ठग'. या शेवटच्या सिनेमात ती पोहण्याच्या पोशाखात दिसली, तर पुन्हा गदारोळ. सीतेच्या मुलीने असे कपडे घालावेत? म्हणजे ती बारीक होती तेव्हाही आई मध्ये आणि भरली तेव्हाही आई मध्येच.

१९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. अस्पृश्य घरात जन्मलेली आणि ब्राह्मणाच्या घरात वाढलेली मुलगी. घरची आई तिची ओळख करून देताना आमची मुलगी असं म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. त्या एका 'सारखी'वर सबंध सिनेमा उभा आहे. त्यातलं ते टेलिफोनवरचं गाणं आठवतं ना? सुनील दत्त गातो आणि ती नुसती ऐकते. ओठ हलवायचे नाहीत, संवाद नाही, कानाला टेलिफोन. पाच मिनिटं फक्त ऐकायचं. ऐकण्याचा अभिनय इतका सुंदर मी तरी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिने नौदलातले अधिकारी रजनीश बहल यांच्याशी लग्न केलं आणि १९६१ साली मोहनीशचा जन्म झाला.

आणि १९६३ ला 'बंदिनी'. मूल लहान होतं, काम थांबवायच्या बेतात होती, पण बिमलदांनी गळ घातली. त्यातला विष कालवण्याचा प्रसंग आम्हा खोपोलीकर बायकांना जरा जास्तच कळतो, असं माझं मत आहे. बाहेर कुठेतरी लोखंडावर घण पडतोय, वेल्डिंगची ठिणगी लख्खकन उडते आणि विझते, आणि त्या उजेडात कल्याणीचा चेहरा दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वेगळा. शब्द एकही नाही. आमचं बालपण अशाच आवाजात गेलं. खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५ पासूनचं, डोंगरावरून उतरणारे ते मोठे पाइप, मग मागून आलेले लोखंडाचे, कागदाचे कारखाने. रात्रपाळीचा भोंगा झाला की खिडकीच्या काचेवर निळा उजेड उड्या मारायचा. तो उजेड तोंडावर घेऊन बसलेली आई मी पाहिली आहे, कुठल्यातरी विचारात हरवलेली. म्हणून की काय, तो प्रसंग लागला की मी हातातलं काम ठेवते. या सिनेमाने नूतनला तिसरं फिल्मफेअर दिलं. पुढे 'मिलन' आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' यांची मिळून पाच. प्रमुख भूमिकेसाठी पाच बाहुल्यांचा हा विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला आणि त्याची बरोबरी केली ती तिच्याच भाचीने, काजोलने, २०११ साली.

पण मी पुढे पळाले. मधली एक गोष्ट राहिली. १९६० साली शोभनाबाईंनी पुन्हा एक सिनेमा काढला, 'छबिली', या वेळी तनुजासाठी. थोरल्या बहिणीने त्यात काम केलं, स्वतःच्या आवाजात गाणंही म्हटलं. स्नेहल भाटकरांची चाल. तनुजालाही तेच ऐकावं लागलं, आई आणि वर ताई, आता दोघींशी तुलना. पुढच्याच वर्षी केदार शर्मांच्या 'हमारी याद आयेगी'च्या वेळची हकिगत तनुजाने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. रडायच्या प्रसंगात तिला हसू आवरेना. शर्माजींनी थोबाडीत दिली. ती रडत घरी आली, आईकडे तक्रार केली. आईने सगळं ऐकून घेतलं, आणखी एक थोबाडीत ठेवून दिली आणि गाडीत घालून परत सेटवर नेऊन सोडली. ट्रूमनसाहेबांच्या चिठ्ठीशेजारी ही थोबाडीत ठेवून बघा. मुलीला मारलेलं मला पटत नाही, आज कोणालाच पटणार नाही. पण बाहेरच्याने नाव ठेवलं की आपलं लेकरू पाठीशी घालायचं, हा आपला पहिला विचार असतो. या बाईचा पहिला विचार काम नीट झालं का, हा होता. त्या पोरींना तारणारं आणि आईपासून तोडणारं, दोन्ही त्यातच होतं असं मला वाटतं.

कारण तुटलंच. नूतनच्या कमाईचा कारभार आईकडे असायचा. घरच्या चित्रपटसंस्थेत तिचाही वाटा होता. साठीच्या दशकात आयकराची मोठी मागणी नूतनच्या दारात आली आणि पैशांचा हिशेब निघाला. गोष्ट कोर्टात गेली. लेकीने आईला कोर्टात खेचलं! आता टीका करणाऱ्यांची पंगत बदलली. आधी म्हणत, आईच्या जिवावर आली. आता म्हणू लागले, आईने घडवली आणि ही आईवर उलटली. आई-मुलींचं बोलणं बंद झालं ते जवळपास वीस वर्षं. एकाच शहरात, एकाच धंद्यात. दोघींपैकी कोणाचं बरोबर, हे मी ठरवू शकत नाही. आपल्या घरातल्या आजीच्या पाटल्यांचा वाद सुटत नाही, तर हा काय सुटणार! पण एवढं दिसतं की, ज्या मुलीला जगाने कायम अमकीची मुलगी म्हणून मोजलं, तिला एक दिवस आपली कमाई तरी आपली आहे का, हे विचारावंसं वाटलं.

या सगळ्या काळात तिचं काम मात्र थांबलं नाही. १९७३ च्या 'सौदागर'मधली खजुराचा गूळ करणारी बाई, १९७४ ला पद्मश्री. बेचाळिशीत 'मैं तुलसी तेरे आंगन की'ची नायिका. त्या वयात बाकीच्या नट्या नायकाच्या आईची कामं शोधत. मुंब्र्याच्या डोंगरावर तिचा बंगला होता. आम्ही कर्जतहून स्लो लोकलने मुंबईला जायचो तेव्हा मुंब्रा आलं की डब्यातली एखादी तरी बाई खिडकीतून वर बोट करायची, तिकडे नूतन राहते. बंगला काही आम्हाला कधी दिसला नाही, झाडीच दिसायची. तरी मान वळायचीच. शिकारीची तिला आवड होती, पुढे भजनांत मन रमलं, स्वतः लिहायची, गायची.

१९८३ साल तिच्या घरात दोन गोष्टी घेऊन आलं. एक, आई आणि ती पुन्हा बोलू लागल्या. दुसरी, मुलगा मोहनीश पडद्यावर आला. 'बेकरार' त्याचा पहिला. पडला. मागून आलेलेही पडले. आता नूतनचा मुलगा म्हणून त्याची मोजणी सुरू झाली. आईचा अभिनय याच्यात नाही, हे शब्द वर्तमानपत्रांतून तिच्या घरी आले. तीस वर्षांपूर्वी तिने जे ऐकलं तेच, फक्त आईच्या जागी आता ती स्वतः. तिने त्याच्यासाठी सिनेमा काढला नाही. सहा वर्षं गेली आणि १९८९ च्या अखेरीस 'मैंने प्यार किया' लागला. त्यात खलनायक म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. नूतनच्या मुलाला लोकांनी खलनायक म्हणून स्वीकारलं. तेवढं पाहायला ती होती. तोवर कॅन्सरने गाठलं होतं. २१ फेब्रुवारी १९९१ ला ती गेली, वय अवघं चोपन्न. आई मागे उरली.

शोभनाबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. फेब्रुवारी २००० मध्ये पुण्यात त्यांनी डोळे मिटले. आमच्याकडे पेपर सकाळच्या गाडीने यायचा. मी बातमी वाचत होते तेव्हा सासूबाई ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या. तोवर त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. धाकट्या जाऊबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, कोण गेलं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटवत सांगून टाकलं की, नूतनची आई गेली. ज्यांच्या माहेरी देवघराशेजारी शोभनाबाईंच्या सीतेची तसबीर होती, त्या माझ्या सासूबाईंनी.